गल्लीचा अल्बम

दोस्तांनो, वाचायला सुरुवात करण्याआधी एक छोटंसं काम करा. घरातला फोटोंचा अल्बम काढा. अल्बम नसला तर आई-बाबांचा मोबाइल दहा मिनिटं मागून घ्या. (गेम खेळायला नाही हं!) आता फोटो पाहा. काय काय दिसतं? बारसं, मुंज, मावशीचं लग्न, वाढदिवसाचा केक, महाबळेश्वरला घोड्यावर बसलेले तुम्ही. सगळे नटलेले आणि सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसणारे.

आता त्यातच हे शोधा. कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले काका. दुपारी जिन्यात बसून लसूण सोलणाऱ्या शेजारच्या आजी. पहिल्या पावसात हमखास डबकं साचतं ती जागा. शाळेच्या फाटकाबाहेरची बोरं-चिंचांची टोपली.

सापडलं काही? बहुतेक नाहीच. रोज दिसणाऱ्या गोष्टींचा फोटो आपण काढत नाही. 'त्यात काय काढायचंय?' असं म्हणतो. मग एक दिवस इस्त्रीवाले काका गावी निघून जातात, जुनी इमारत पाडायला यंत्र येतं, आणि लक्षात येतं की आपल्याकडे त्यांची साधी एक खूणही नाही.

आज आपण जाऊ या इंग्लंडच्या उत्तर टोकाजवळच्या एका शहरात. तिथल्या काही माणसांनी 'त्यात काय काढायचंय?' असल्याच गोष्टींचे फोटो काढायचं ठरवलं, आणि त्यात आयुष्य घालवलं.

कोळशाचं गाव

शहराचं नाव न्यूकॅसल. टाइन नावाच्या नदीच्या काठावर ते वसलं आहे. वस्ती सुमारे ३ लाख, म्हणजे आपल्या पुण्या-नागपूरसमोर अगदी चिमुकलं. ते इतकं उत्तरेला आहे की डिसेंबरात दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो! तुमची शाळा सुटायच्या आधी तिथे दिवे लागलेले असतात.

भूगोलाच्या पुस्तकात नसलं तरी इतिहासाच्या पुस्तकात हे गाव तुम्हाला भेटलेलं असेल. रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यात १८२९ मध्ये 'रॉकेट' हे प्रसिद्ध वाफेचं इंजिन तयार झालं, ते इथेच. आजूबाजूला कोळशाच्या खाणी आणि नदीकाठी जहाजं बांधण्याचे कारखाने. इथून इतका कोळसा बाहेर जायचा, की 'न्यूकॅसलला कोळसा नेणे' म्हणजे निरर्थक उद्योग करणे, अशी म्हणच इंग्रजीत पडली.

खाणीत आणि कारखान्यात राबणाऱ्या या माणसांचा चित्रांशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. तर ऐका. न्यूकॅसलच्या उत्तरेला ॲशिंग्टन नावाचं खाणकामगारांचं गाव आहे. १९३४ मध्ये तिथल्या कामगारांनी ठरवलं, की चित्रं कशी बघायची ते शिकायचं. दिवसभर काम आणि संध्याकाळी वर्ग! न्यूकॅसलच्या कॉलेजातून रॉबर्ट लायन नावाचे शिक्षक आले. त्यांनी आधी इटलीतल्या थोर चित्रकारांची चित्रं दाखवली. पण ती काही कुणाच्या गळी उतरेनात. मग लायन सरांनी युक्ती केली. म्हणाले, तुम्हीच काढा! आणि काय सांगू, ज्यांनी कधी ब्रश हातात धरला नव्हता, ते घराच्या भिंतींना लावायचा रंग घेऊन चित्रं काढू लागले. कसली चित्रं? खाणीत कोळसा फोडणारा सोबती, परसातला भाजीचा वाफा, पाळलेला कुत्रा. त्यांची चित्रं आज वुडहॉर्न इथल्या संग्रहालयात आहेत. हे संग्रहालयसुद्धा एका जुन्या खाणीच्या जागेवरच आहे!

आपलं रोजचं जगणं हा चित्राचा विषय होऊ शकतो, ही गोष्ट या भागात अशी आधीपासूनच रुजली होती.

एका डोळ्याचा फोटोग्राफर

आता भेटू या जिमी फोरसाइथ यांना. त्यांचा जन्म १९१३ मध्ये वेल्समध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, ते कामासाठी न्यूकॅसलजवळ आले आणि थोड्याच काळात कारखान्यातल्या अपघातात त्यांचा एक डोळा गेला. पुढे धड काम मिळेना. ते राहायचे स्कॉट्सवुड रोड नावाच्या रस्त्याच्या आसपास. एका बाजूला कारखाने, दुसऱ्या बाजूला टेकडीवर चढत जाणाऱ्या घरांच्या रांगा, आणि मध्ये दुकानं आणि दारूचे गुत्ते. सगळे एकमेकांना ओळखणारे.

एक दिवस कळलं की ही जुनी वस्ती पाडणार. जिमींना वाटलं, रस्ता तर जाईलच, पण इथे कोण राहत होतं हे तरी मागे राहायला हवं. १९५४ च्या सुमारास त्यांनी एक साधा, स्वस्तातला जुना कॅमेरा मिळवला आणि फोटो काढायला सुरुवात केली. फोटोग्राफीचा वर्ग नाही, मोठी लेन्स नाही, आणि डोळाही एकच!

त्यांनी काय टिपलं? दुकानाच्या दारात उभा दुकानदार. रविवारचे चांगले कपडे घालून निघालेलं कुटुंब. रस्त्यात खेळणारी मुलं. आणि मग पाडलेल्या भिंती, रिकाम्या खिडक्या. माणसं त्यांच्याकडे बघून मोकळी हसतात. का? कारण कॅमेऱ्यामागे कुणी वार्ताहर नव्हता. तिथे 'आपला जिमी' होता.

कित्येक वर्षं हे फोटो कुणाला फारसे ठाऊकच नव्हते. १९८६ मध्ये त्यांचं 'स्कॉट्सवुड रोड' नावाचं पुस्तक निघालं. तोवर फोटोतला रस्ता कधीच नाहीसा झाला होता. जिमी २००९ मध्ये वारले. आज त्या भागाचा इतिहास लिहायचा झाला, तर या एका डोळ्याच्या माणसाने काढलेले फोटो पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

फिनलंडची पाहुणी

जिमी तिथेच राहणारे होते. पण बाहेरून आलेल्या माणसाला असं काम जमेल का?

१९६८ मध्ये लंडनमध्ये काही विद्यार्थी एकत्र आले. फोटो आणि सिनेमा शिकणारी ही तरुण मुलं. त्यांनी आपल्या गटाला नाव दिलं 'अँबर'. लंडनमध्ये राहून नाव कमवायचं सोडून १९६९ मध्ये ती उठून न्यूकॅसलला गेली. कष्टकरी माणसांचं जगणं टिपायचं, तर त्यांच्यातच जाऊन राहायला हवं, असं त्यांना वाटत होतं. मिळणारा पैसा एकत्र ठेवायचा आणि सगळ्यांनी सारखा पगार घ्यायचा, असा त्यांचा नियम होता. तुमच्या गणपती मंडळाच्या वर्गणीसारखंच म्हणा ना!

या गटात एक मुलगी होती, सिर्का-लीसा कॉन्टिनेन. नाव वाचताना अडखळलात ना? ती होती फिनलंडची, १९४८ मध्ये जन्मलेली. म्हणजे तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांची. न्यूकॅसलमधल्या बायकर नावाच्या वस्तीने तिला भुरळ घातली. उतारावर एकाखाली एक विटांच्या घरांच्या रांगा, धुराडी, मधल्या गल्लीत दोरीवर वाळणारे कपडे, आणि खाली नदी.

सिर्का-लीसाने बायकरमध्येच घर भाड्याने घेतलं. तिथेच दूध आणायचं, तिथेच शेजाऱ्यांशी बोलायचं. तिथल्याच एका रिकाम्या दुकानात तिने छोटासा स्टुडिओ थाटला आणि लोकांचे फोटो फुकटात काढून दिले. लोक नटून यायचे, फोटो काढून घ्यायचे. विचार करा, ओळख करून घेण्याची किती छान रीत! आधी काही मागायचं नाही, आधी द्यायचं.

हळूहळू दारं उघडली. तिच्या फोटोंत स्वयंपाकघरं आली, म्हाताऱ्या आजी आल्या, आणि मुलं तर ढिगाने आली. एका प्रसिद्ध फोटोत एक मुलगी मोठ्या रबरी चेंडूवर बसून गल्लीत टुणटुण उड्या मारते आहे. दुसऱ्यात एक मुलगी पडक्या, रिकाम्या घरात बसून पियानो वाजवते आहे. घरातली माणसं निघून गेली, पियानो मागे राहिला, आणि या पोरीला तो सापडला! दोन्ही फोटो १९७१ मधले आहेत.

अंधाऱ्या खोलीतली जादू

तुमच्यापैकी अनेकांनी फिल्मचा रोल पाहिलाही नसेल, म्हणून जरा थांबून हे समजून घेऊ. आई-बाबांना विचारा, त्यांना आठवेल.

तेव्हाच्या कॅमेऱ्यात फिल्मची गुंडाळी घालावी लागायची. नेहमीच्या रोलवर ३६ फोटो निघायचे, बस्स! फिल्मवर चांदीच्या क्षारांचा पातळ थर असतो. प्रकाश पडला की त्यात बदल होतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही. मग पूर्ण अंधारात ती फिल्म रसायनात बुडवायची, की निगेटिव्ह तयार. त्यात सगळं उलटं! गोरा माणूस काळा आणि काळा कोट पांढरा. निगेटिव्हमधून कागदावर प्रकाश टाकायचा आणि तो कागद पुन्हा रसायनाच्या ताटलीत सोडायचा. मंद लाल दिव्याच्या उजेडात कोऱ्या कागदावर आधी एक सावली, मग एक डोळा, मग अख्खा चेहरा हळूहळू वर येतो. ज्यांनी हे पाहिलंय, त्यांना विचारा. जादूच वाटते!

हे सांगायचं कारण असं, की तेव्हा प्रत्येक फोटोला पैसे पडायचे. खटाखट शंभर फोटो काढून नव्याण्णव पुसून टाकायची सोय नव्हती. बटण दाबण्याआधी खूप वेळ नुसतं बघावं लागायचं. आणि बघायचं तर थांबावं लागतंच.

घरं चांगली झाली, शेजार गेला

बायकरही पाडायचं ठरलेलं होतं. त्यात वाईट काय, असं कुणी म्हणेल. जुनी घरं खरंच गैरसोयीची होती. कित्येक घरांत न्हाणीघर नव्हतं आणि संडास बाहेर अंगणात. नवी घरं लोकांनाही हवीच होती. पण त्यांचं म्हणणं होतं, घर बदला, शेजारी बदलू नका.

नवी वस्ती उभारण्याचं काम राल्फ अर्स्किन या वास्तुरचनाकाराकडे आलं. माणूस मोठा मजेदार. अंत्यविधीचं सामान ठेवणाऱ्या एका बंद पडलेल्या दुकानात त्यांच्या मंडळींनी आपलं ऑफिस उघडलं आणि दार सगळ्यांसाठी सताड उघडं ठेवलं. कुणीही यावं आणि आपलं घर कसं हवं ते सांगावं. त्यांनी बांधलेली 'बायकर वॉल' ही लांबच लांब, नागमोडी इमारत आजही उभी आहे. उत्तरेकडे मोठा रस्ता होणार होता, म्हणून आवाज आणि गार वारा अडवायला त्या बाजूला अगदी लहान खिडक्या. दक्षिणेकडे ऊन येतं, म्हणून तिकडे रंगीबेरंगी लाकडी सज्जे. २००७ मध्ये तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला.

एवढं सगळं करूनही एक गोष्ट निसटलीच. पाडकाम भराभर झालं, बांधकामाला वर्षं लागली. मधल्या काळात माणसं मिळेल तिथे पांगली. जुन्या बायकरमधली फार थोडी माणसं नव्या बायकरमध्ये परत आली. सिर्का-लीसाचं स्वतःचं घरही पाडलं गेलं. तिचे फोटो हे काही थांबवू शकले नाहीत. फोटोने बुलडोझर थांबत नाही, दोस्तांनो. पण त्या फोटोंमुळे कुणालाही असं म्हणता येत नाही, की 'तिथे काय होतं? नुसती पडकी घरं!' तिथे पियानो वाजवणारी मुलगी होती, आणि तिचा पुरावा आहे.

१९८० मध्ये बायकरचे हे फोटो थेट चीनमध्ये प्रदर्शनाला गेले. १९८३ मध्ये त्यांचं पुस्तक झालं, त्यात लोकांच्या तोंडच्या आठवणीही आहेत. दोन हजार सालानंतर सिर्का-लीसा पुन्हा बायकरला गेली. आता तिथे दूरदूरच्या देशांतून आसऱ्याला आलेली कुटुंबंही राहत होती. यावेळी तिने रंगीत फोटो काढले, आणि ते कसे काढायचे हे लोकांबरोबर बसून ठरवलं. तुम्हाला काय दाखवायचंय? कुठे बसायचंय? कुठली वस्तू जवळ हवी? म्हणजे फोटो तिचाही आणि त्यांचाही.

दारं उघडली, दारं मिटली

एवढे फोटो काढून ठेवायचे कुठे आणि दाखवायचे कुणाला? अँबरच्या मंडळींनी १९७७ मध्ये नदीजवळ, 'साइड' नावाच्या रस्त्यावरच्या जुन्या इमारतीत गॅलरी उघडली. रस्त्याचं नाव साइड, म्हणून गॅलरीही 'साइड गॅलरी'! तिथे कार्तिए-ब्रेसाँ या जगप्रसिद्ध फ्रेंच फोटोग्राफरचे फोटो लागायचे आणि त्याच भिंतींवर गावातल्या मुलांचेही.

त्या भिंतींवर टिश मर्थाचे फोटो लागले. टिश याच भागातली, दहा भावंडांतली एक. वेल्समध्ये फोटोग्राफी शिकून ती आपल्या वस्तीत परत आली. तेव्हा तिथे मुलांची 'जॅझ बँड' नावाची पथकं निघायची. गणवेश, शिस्त, संचलन, आपल्याकडच्या लेझीम पथकासारखा थाट. टिशने ती पथकं टिपली, आणि त्यांची नक्कल करत गल्लीत स्वतःचं संचलन काढणारी पोरंही टिपली. पथकं चालवणाऱ्या मोठ्यांपैकी काहींना ते आवडलं नाही म्हणे! १९८१ मध्ये तिने बेकार तरुणांचे फोटो मांडले. कारखाने बंद पडत होते आणि शाळा सोडलेल्या मुलांना काम नव्हतं. फोटोत तिचे स्वतःचे भाऊ आणि मित्र होते. टिश २०१३ मध्ये गेली. तिच्या मुलीने २०१७ पासून आईच्या फोटोंची पुस्तकं काढली, तेव्हा कुठे जगाने तिला नीट ओळखलं.

आता जरा मन घट्ट करून पुढचं वाचा. २०११ मध्ये सिर्का-लीसाच्या फोटोंची आणि अँबरच्या चित्रपटांची युनेस्कोच्या 'जगाची स्मृती' या उपक्रमातल्या ब्रिटनच्या यादीत नोंद झाली. केवढा मान! आणि २०२२ मध्ये कलेसाठीचं सरकारी अनुदान त्यांना नाकारण्यात आलं. एप्रिल २०२३ मध्ये साइड गॅलरीची दारं बंद झाली. फोटो काढणं एक, आणि ते जपायला जागा, वीज आणि माणसं मिळणं दुसरं. मान मिळाला म्हणजे भाडं भरलं जातं असं नाही. आठवणी जपण्याचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलावा लागतो, नाहीतर फोटो असूनही कुणाला दिसत नाहीत.

आता तुमची पाळी

जिमी, सिर्का-लीसा आणि टिश. तिघांचे कॅमेरे वेगळे, स्वभाव वेगळे. पण तिघेही ज्यांचे फोटो काढले त्यांच्यातच राहिले. 'चला, फोटो काढला, टाटा!' असं कुणीच केलं नाही.

तुम्हीही आपल्या गल्लीचा, वाडीचा किंवा सोसायटीचा अल्बम करू शकता. पाचजणांची टोळी जमवा. नियम सोपे आहेत.

एक : आधी विचारायचं. 'काका, तुमचा काम करतानाचा फोटो काढू का?' नाही म्हणाले, तर कॅमेरा खाली. आणि फोटो कुठेही पाठवण्याआधी पुन्हा विचारायचं.

दोन : रोल ३६ फोटोंचाच आहे असं समजायचं. महिनाभरात ३६, त्याहून एकही जास्त नाही. म्हणजे नीट बघाल.

तीन : 'जरा हसा' म्हणायचं नाही. माणूस जे करत असेल, ते करू द्यायचं.

चार : त्यातले निदान दहा फोटो कागदावर छापून घ्यायचे. मोबाइल हरवतो, बिघडतो, बदलतो. मागे पेन्सिलीने तारीख, जागा आणि त्यांची हरकत नसेल तर नाव लिहायचं. नाव नसलेला फोटो पन्नास वर्षांनी मुका होतो.

पाच, आणि हा सगळ्यांत महत्त्वाचा : ज्यांचा फोटो काढला, त्यांना एक प्रत नेऊन द्यायची. फुकट. आणि दिल्यावर तिथे पाच मिनिटं बसायचं. खऱ्या गोष्टी तेव्हा ऐकायला मिळतात.

आई-बाबांनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. मुलं मोबाइल घेऊन गल्लीत निघाली, तर एकदा त्यांच्याबरोबर जा. 'तिथे पूर्वी पिठाची गिरणी होती', 'या झाडाखाली आम्ही गोट्या खेळायचो', असं काहीबाही सांगा. फोटोमागे काय लिहायचं ते तुमच्याशिवाय त्यांना कोण सांगणार?

अल्बम तयार झाला की शाळेच्या नोटीस बोर्डावर नाहीतर गणपतीच्या मांडवात एक दोरी बांधा आणि चिमट्यांनी फोटो टांगा. झाली तुमची साइड गॅलरी! इस्त्रीवाले काका आपला फोटो शोधत येतात की नाही, बघाच.

पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर डोळे उघडे ठेवा. एक पुरतो, तुमच्याकडे तर दोन आहेत!